दमा : रक्तातला आणि वाऱ्यावरचा

घराण्यात दमा असला, की सोयरीक जुळवताना तो दडवून ठेवण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. मुलीला रात्री धाप लागते ही गोष्ट बैठकीत कोणी काढीत नाही. आणि लग्नानंतर ती उघडकीस आली म्हणजे दोष तिच्या माहेरच्या रक्ताला दिला जातो. पुढे तिचे मूल खोकू लागले, की त्याच दोषाची पुन्हा उजळणी होते. माळवा-ग्वाल्हेरकडील मराठी घरांतून 'दमा दम के साथ जाता है' ही हिंदी म्हणही ऐकू येते. रोग रक्तातून येतो आणि प्राणाबरोबरच जातो, ह्या दोन समजुतींच्या कात्रीत रोगी आणि त्याची आई सापडतात. ह्यांपैकी पहिली समजूत कितपत खरी, ह्याचा शोध पाश्चात्त्य वैद्यकात सुमारे दोनशे वर्षे चालला आहे, आणि त्या शोधाने घेतलेली वळणे मोठी चमत्कारिक आहेत.

ह्या रोगात रक्ताचा वाटा मुळीच नाही, असे कोणी म्हणत नाही. एकरूप जुळ्यांपैकी एकास दमा असला तर दुसऱ्यास तो असण्याचा संभव इतर भावंडांपेक्षा पुष्कळच अधिक असतो. परंतु एकाला दमा आणि दुसरा ठणठणीत, अशीही एकरूप जुळी असतात. आणि केवळ रक्ताचा सिद्धान्त तेथेच पांगळा पडतो. दुसरीही एक अडचण आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत मुलांमधील दमा आणि त्याची सख्खी भावंडे, म्हणजे नाना प्रकारची वावडी, तीन-चार दशकांत झपाट्याने वाढली. एवढ्या अवधीत फार तर एखाद-दुसरी पिढी बदलते. राष्ट्राचे रक्त बदलत नाही. बदलली होती ती घरे, चुली, हवा आणि बालपणाची तऱ्हा.

शोधाचा आरंभ एका रोग्यापासूनच झाला. जॉन बॉस्टॉक नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी १८१९ मध्ये लंडनच्या वैद्यकसभेपुढे एका विकाराचे वर्णन वाचून दाखवले. दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरणे, शिंकांची सर येणे, छाती आवळणे ही त्याची लक्षणे. आणि वर्णन केलेला रोगी म्हणजे स्वतः बॉस्टॉकच होते. १८२८ मध्ये त्यांनी अशा इतर रोग्यांची माहिती जमवून प्रसिद्ध केली, तेव्हा गरीब वर्गात ह्या विकाराचे एकही निःसंशय उदाहरण आपल्याला आढळले नाही, अशी नोंद त्यांनी केली. मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली ह्यांनाही हाच विकार होता. त्यांनी गवताचे परागकण स्वतःच्या नाकात घालून आणि खरवडलेल्या त्वचेवर चोळून पाहिले. उंचावरच्या हवेत पराग असतात की काय हे पाहण्यासाठी पतंगाला चिकट काचा बांधून ते आकाशात सोडले. आणि १८७३ मध्ये ग्रंथ लिहून ह्या 'गवतज्वरा'चे कारण पराग हेच आहे, असे सिद्ध केले.

पण कारण सापडताच कोडे अधिक गहन झाले. पराग ज्यांच्या नाकातोंडात सर्वांत जास्त जातो ते शेतकरी. आणि गवतज्वर त्यांनाच सर्वांत कमी! ब्लॅकली ह्यांनी दोन उत्तरे सुचवली. शेतकरी शिकलेला नसल्यामुळे त्याच्या ठिकाणी ह्या रोगाची प्रवृत्तीच नसावी, हे एक. किंवा परागाच्या नित्य सहवासाने त्याच्या अंगी तो सोसण्याची शक्ती येत असावी, हे दुसरे. पहिले उत्तर आज वाचताना हसू येते. दुसऱ्याकडे मात्र पुढची शंभर वर्षे कोणी फारसे वळून पाहिले नाही.

१९०६ मध्ये व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के ह्यांनी 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला. एखाद्या पदार्थाशी एकदा गाठ पडल्यावर शरीराची त्याला उत्तर देण्याची रीत बदलते, एवढाच त्याचा मूळ अर्थ. मराठीतला 'वावडे' हा शब्द त्याहून जुना आहे आणि अर्थानेही फार दूर नाही. पिर्के ह्यांच्या कल्पनेत 'बदल' ह्या गोष्टीला महत्त्व होते. मनुष्य वावडे घेऊन जन्मतो असे नव्हे. ते त्याच्या ठिकाणी घडत जाते.

तथापि हा विचार बाजूला पडून मध्यंतरी एक वेगळाच वारा सुटला. विसाव्या शतकाच्या मध्यास काही मनोविश्लेषकांनी दमा म्हणजे आईसाठी दाबून धरलेला हुंदका होय, असे मत मांडले. आणि अमेरिकेतील डेन्व्हर शहरी दमेकरी मुलांना आईबापांपासून तोडून दीर्घकाळ निवासी रुग्णालयात ठेवण्याचा उपचार सुरू झाला. कित्येक मुले खरोखरच सुधारली, आणि आईच्या अतिमायेवर शिक्कामोर्तब झाल्यासारखे वाटले. वस्तुतः डेन्व्हर हे सुमारे १,६०० मीटर उंचीवरचे, कोरड्या हवेचे शहर. गाद्या-उशांच्या धुळीत राहणारे डोळ्यांना न दिसणारे किडे अशा हवेत तग धरीत नाहीत. आणि घरातील धुळीच्या वावड्याचे मुख्य कारण हेच किडे होत, हे १९६४ पासून हॉलंडमधील लायडनच्या संशोधकांनी दाखवून दिले. मूल दूर गेले होते ते आईपासून, तसेच ओलसर घरातल्या गादीपासूनही. त्याच डेन्व्हरच्या संस्थेच्या प्रयोगशाळेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका ह्या जपानी दांपत्याने १९६६ मध्ये वावडे घडवून आणणारे रक्तातील प्रतिपिंड शोधून काढले. स्वीडनमधील संशोधकही स्वतंत्रपणे तेथेच पोचले होते. १९६८ मध्ये त्या प्रतिपिंडाला 'आय-जी-ई' हे नाव मिळाले. आयांची निर्दोष सुटका मात्र कोणी जाहीर केली नाही.

ह्यानंतर इतिहासाने शास्त्रज्ञांच्या हाती एक असा प्रयोग दिला, की जो कोणत्याही प्रयोगशाळेत करता आला नसता. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीचे दोन तुकडे झाले. एकच भाषा, एकच वंश, एकच खाद्यपरंपरा असलेली माणसे चाळीस वर्षे दोन निराळ्या हवांत वाढली. पूर्वेकडील लाइपझिग आणि हाले ह्या शहरांत तपकिरी दगडी कोळसा जळे. हिवाळ्यात गंधकाच्या धुराने आकाश कोंदून जाई. पश्चिमेकडील म्यूनिक त्या मानाने स्वच्छ आणि संपन्न. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत कोसळली, आणि म्यूनिकच्या बालरोगतज्ज्ञ एरिका फॉन म्यूटियस ह्यांनी पूर्वेकडील सहकाऱ्यांसह दोन्हीकडील ९ ते ११ वर्षांची साडेसात हजारांहून अधिक मुले तपासली. एवढ्या धुरात वाढलेल्या पूर्वेच्या मुलांत दमा अधिक असणार, ही सर्वांचीच अटकळ होती.

ती सपशेल चुकली. गवतज्वर म्यूनिककडे शेकडा ८.६ मुलांना, तर पूर्वेकडे केवळ २.४ मुलांना होता. त्वचेच्या चाचणीत कसले ना कसले वावडे दाखवणारी मुले पश्चिमेस शेकडा ३६.७ आणि पूर्वेस १८.२, म्हणजे निम्मी. दमादेखील पश्चिमेस ५.९ आणि पूर्वेस ३.९. धुराने आपला हिशेब सोडला होता असे मात्र नाही. श्वासनलिकेचा साधा दाह, म्हणजे ब्राँकायटिस, पूर्वेकडेच कितीतरी अधिक होता. फॉन म्यूटियस ह्यांनी आकडे पुन्हा तपासले, आणि ते तसेच निघाले. पुढे १९९५-९६ मध्ये लाइपझिगची नवी मुले तपासली गेली. भिंत पडली तेव्हा ही मुले सुमारे तीन वर्षांची होती. त्यांच्यात गवतज्वर दुपटीहून अधिक झालेला आढळला. दम्याचे प्रमाण मात्र विशेष बदलले नव्हते. पश्चिमेची राहणी तीन वर्षांच्या वयानंतर वाट्याला आली तर ती वावडे निर्माण करू शकते, पण दम्याचा पाया त्यापूर्वीच घातला जात असावा, असा तर्क ह्यातून निघाला. ह्या तर्काकडे पुढील संशोधनाचे सगळे लक्ष लागले.

ह्याच सुमारास, १९८९ मध्ये, लंडनचे डेव्हिड स्ट्रॅकन ह्यांनी मार्च १९५८ मधील एका आठवड्यात जन्मलेल्या सतरा हजारांवर ब्रिटिश मुलांची माहिती चाळून असे दाखवले, की ज्यांना थोरली भावंडे अधिक, त्यांना गवतज्वर कमी. भावंडांकडून येणारे बालपणीचे संसर्ग शरीराला वळण लावीत असावेत, अशी त्यांची सूचना होती. तिचा पुढे 'घाण चांगली' असा सवंग अर्थ लावला गेला, तो स्ट्रॅकन ह्यांनी केलेला नव्हता.

खरे वळण मिळाले ते आल्प्सच्या गोठ्यांत. स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि दक्षिण जर्मनी येथील खेड्यांतल्या ८१२ मुलांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांचा गोठ्याशी आणि गोठ्यातल्या ताज्या दुधाशी संबंध पहिल्या वर्षातच आला, त्यांच्यात दमा शेकडा १. ज्यांचा तोच संबंध एक ते पाच वर्षांच्या दरम्यान आला, त्यांच्यात शेकडा ११. गोठा तोच, दूध तेच. फरक तेवढा वयाचा. ब्लॅकलींच्या शेतकऱ्याचे कोडे सव्वाशे वर्षांनी येथे अर्धेमुर्धे सुटले. (कच्चे दूध अर्भकाला पाजावे, असा ह्याचा अर्थ कोणी करू नये, त्यातून येणारे क्षयासारखे रोग आपल्या देशातून गेलेले नाहीत.)

ह्यावरही एक आक्षेप शिल्लक होताच. शेतकऱ्यांचे रक्तच कदाचित निराळे असेल! त्याचे उत्तर अमेरिकेतील दोन ख्रिस्ती पंथांनी दिले. आमिश मूळचे स्वित्झर्लंडकडचे, हटेराइट टायरोलकडचे. दोघेही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत अमेरिकेत आले, आपापसांतच विवाह करीत राहिले, आणि त्यांच्या वंशसूत्रांत फार मोठे साम्य आहे. दोघांची कुटुंबे मोठी, आहार सारखा, घरात पाळीव प्राणी नाहीत. फरक शेतीचा. आमिश कुटुंब घोड्यांनी शेत नांगरते, आणि दुभत्या गाईंचा गोठा घराला लागून असल्यामुळे मुले दिवसभर तेथेच वावरतात. हटेराइटांची शेती सामुदायिक आणि यंत्रांवर चालणारी; गोठे वस्तीपासून दूर, आणि लहान मुलांचे तेथे जाणे-येणे नसते. कॅरोल ओबर, डोनाटा व्हर्सेली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दोन्हीकडच्या तीस-तीस मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. हटेराइटांच्या तीसपैकी सहा मुलांना दमा होता. आमिशांच्या एकाही मुलाला नव्हता. जंतूंच्या आवरणातून सुटणारे एंडोटॉक्सिन नावाचे द्रव्य आमिशांच्या घरातील धुळीत जवळजवळ सातपट अधिक निघाले. मग ती धूळ उंदरांच्या नाकात घालून पाहिली. आमिश धुळीने उंदरांचा दम्यासारखा विकार रोखला. हटेराइटांच्या धुळीने रोखला नाही.

अर्थात सगळी धूळ अशी उपकारक नसते. स्पेनमधील बार्सेलोना शहरात १९८१ ते १९८७ ह्या काळात दम्याच्या एकूण २६ साथी आल्या. एकाच दिवशी माणसांची रीघ रुग्णालयात लागे आणि दुसऱ्या दिवशी सारे शांत. शेवटी असे दिसून आले, की बंदरात ज्या दिवशी सोयाबीन उतरवले जाई त्याच दिवशी साथ येई. कोठाराच्या तोंडाला गाळण्या बसवल्यावर साथी थांबल्या. ज्यांना ह्या साथींत धाप लागली त्यांच्या घराण्याची चौकशी करण्याचे कारणच उरले नाही.

आता मूळ प्रश्न असा, की पहिल्या वर्षी, किंबहुना जन्मापूर्वीच, श्वासातून गेलेल्या धुळीचा वा धुराचा परिणाम दहा-पंधरा वर्षांनी कसा दिसावा? धूळ निघून जाते, पेशी मरतात आणि नव्या येतात; मग आठवण कोण ठेवतो? ह्या ठिकाणी एपिजेनेटिक्स ह्या शास्त्राचा प्रवेश होतो. हे नाव कॉनराड वॉडिंग्टन ह्या इंग्रज जीवशास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये रूढ केले. (त्यांची अगदी लहानपणची वर्षे दक्षिण भारतातील चहाच्या मळ्यावर गेली होती.) एखादी पोथी पिढ्यान्‌पिढ्या घरात आहे असे समजावे. ओव्या त्याच, अक्षरे तीच. पण कोणी काही पानांत खुणेची काडी घातली, काही पाने मेणाने चिकटवून टाकली. वाचणारा उघडी पाने वाचील आणि चिकटलेली ओलांडून जाईल. पोथी न बदलता पारायण बदलले. जनुकांच्या बाबतीत हे मेणाचे काम मुख्यतः मेथिल नावाचा एक लहानसा रासायनिक गट करतो. तो जनुकाच्या आरंभस्थानी चिकटला म्हणजे ते जनुक बहुधा मुके होते. आणि पेशी दुभंगली तरी ती खूण नव्या पेशीत उतरते. अशा खुणा किती टिकतात, ह्याचा दाखला हॉलंडने दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यातील नाझी नाकेबंदीत तेथे भीषण उपासमार झाली. त्या वेळी ज्यांचा गर्भ नुकताच राहिला होता, त्यांच्या रक्तात सहा दशकांनंतरही वाढीशी संबंधित एका जनुकावरील मेथिल खुणा त्यांच्या भावंडांहून निराळ्या निघाल्या, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले.

दम्याच्या संदर्भात अशा खुणांचा सर्वांत भक्कम पुरावा तंबाखूच्या धुराविषयी आहे. २०१६ मध्ये निरनिराळ्या देशांतील तेरा पाहण्या एकत्र करून ६,६८५ नवजात अर्भकांचे रक्त तपासले गेले. आईने गरोदरपणी सिगारेट ओढली असल्यास बाळाच्या वंशसूत्रावर हजारो ठिकाणी मेथिल खुणा बदललेल्या होत्या, आणि त्यांतील काही मुले मोठी झाल्यावरही तशाच होत्या. कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो हे शहर दूषित हवेबद्दल प्रसिद्ध आहे. तेथील दमेकरी मुलांत, रोगप्रतिकाराला आवर घालणाऱ्या पेशींचे मुख्य जनुक अशाच खुणांनी दबलेले आढळले, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात म्हटले आहे. आवर घालणारा थकला, की परागासारख्या निरुपद्रवी पाहुण्यावरही शरीर शस्त्र उपसते. गोठ्याचीही बाजू ह्या दृष्टीने तपासली गेली. एंडोटॉक्सिनची चाहूल घेणाऱ्या एका जनुकावरील मेथिल खुणा शेतावर राहणाऱ्या मातांच्या वारेत कमी निघाल्या, म्हणजे ते पान अधिक उघडे होते. जर्मनीतील मारबुर्गच्या संशोधकांनी गोठ्यातला एक जंतू गाभण उंदरीण माद्यांना दिला, तेव्हा त्यांच्या पिलांना दम्यापासून संरक्षण मिळाले. आणि २०११ मध्ये त्यांनी त्या पिलांच्या पेशींतील खुणाही बदललेल्या दाखवल्या.

ह्याहून विस्मयकारक गोष्ट दक्षिण कॅलिफोर्नियातून २००५ मध्ये आली. आईची आई गरोदर असताना सिगारेट ओढत असेल, तर नातवंडाला दमा होण्याचा संभव वाढलेला दिसला, आणि मधल्या आईने धूम्रपान केले नव्हते तेथेही तो वाढलेलाच होता. आजीच्या पोटात आई असते तेव्हाच आईच्या पोटातील सर्व बीजे तयार झालेली असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे ही गोष्ट अशक्य वाटत नाही. परंतु तिचे कारण मेथिल खुणाच आहेत, हे मनुष्याच्या बाबतीत सिद्ध झालेले नाही. वृत्तपत्रांनी ते सिद्ध झाल्यासारखे लिहिले, इतकेच. २०१८ मध्ये युरोपातील मोठ्या पाहणीत दमेकरी मुलांच्या रक्तात चौदा ठिकाणी बदललेल्या खुणा सापडल्या, पण जन्मवेळच्या नाळेतील रक्तात त्यांचा पत्ता नव्हता. तेव्हा ह्या चौदा खुणा रोगाचे कारण, की रोगाने मागे ठेवलेली पावले, हा वाद खुला आहे. जे पक्के ठरले आहे तेही थोडके नव्हे. एकाच वंशाची मुले वेगळ्या हवेत वाढली तर त्यांचे श्वास वेगळे होतात, आणि जन्माच्या आगेमागेचा काळ त्यात निर्णायक असतो.

आपल्या देशाचे स्थान ह्या कथेत काहीसे विपरीत आहे. १९९८ मध्ये ५६ देशांतील ४,६३,८०१ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हा दम्याची लक्षणे सर्वांत कमी असलेल्या देशांत भारत होता. तरीही २०१९ च्या अंदाजानुसार जगात दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक एकट्या भारतात होतात. गोठा घरापासून दूर गेला. चुलीचा धूर अनेक घरांत राहिला. मच्छरांसाठी बंद खोलीत रात्रभर जाळली जाणारी एक उदबत्ती सुमारे ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत सोडते, हे २००३ मध्ये मोजले गेले आहे, आणि ती बहुधा बाळाच्या पाळण्याजवळच ठेवलेली असते. १९५० नंतर पुण्याच्या परिसरात प्रथम नजरेस आलेले गाजरगवत आता देशभर पसरून अनेकांच्या त्वचेला आणि नाकाला वावडे झाले आहे. हैदराबादेत मृगाच्या मुहूर्तावर जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून तो गिळण्यासाठी दमेकऱ्यांची रांग लागते. त्या रांगेतल्या लोकांच्या श्रद्धेची थट्टा करणे सोपे आहे, पण त्यांना दुसरे काय सांगितले गेले होते हेही पाहिले पाहिजे. श्वासावाटे घ्यावयाचे, सूज उतरवणारे औषध १९७२ पासून जगात उपलब्ध आहे. त्याची 'सवय लागते' ह्या भीतीने घरोघरी ते नाकारले जाते आणि खोकल्याच्या बाटल्या रिकाम्या होतात.

२०२२ मध्ये पुण्यासह भारतातील अनेक शहरांत केलेल्या एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुले आणि त्यांचे पालक मिळून सव्वा लाखांवर माणसे तिच्यात होती. ज्यांच्या छातीत घरघर होती त्यांतील शेकडा ८२ जणांना हा दमा आहे असे कोणत्याही डॉक्टरने कधी सांगितलेले नव्हते; आणि रोज श्वासावाटे औषध घेणारे त्यांच्यात शेकडा अडीचही नव्हते.